कला शाखेच्या मुलांसाठी दोन क्रेडिटचं आकड्यांचं गणित: काय ठेवाल, काय गाळाल?

त्रैराशिक

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी तालुक्याच्या गावातल्या एका स्वायत्त कॉलेजात गणित शिकवते. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून पदवीच्या मुलांना आपल्या विद्याशाखेबाहेरचे विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घ्यावेच लागतात. त्यामुळे बीएच्या मुलांसाठी आमच्या विभागाला एक पेपर द्यायचाय. २ क्रेडिट, ३० तास, ५० गुण. स्वायत्त असल्याने अभ्यासक्रम आमच्याच अभ्यास मंडळाने ठरवायचा, म्हणजे 'विद्यापीठाने दिलं तेच शिकवतो' ही नेहमीची पळवाट बंद.

विभागात एक जुना मसुदा पडून आहे. संच, फल, आव्यूह (मॅट्रिक्स), लॉगॅरिथम, आणि शेवटी वेळ उरला तर शेकडेवारी. 'वेळ उरला तर' असं त्यात लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्याला दिसतं. समोर बसणारी मुलं मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोलाची. गणिताशी शेवटची गाठ दहावीत, तीही बऱ्याच जणांची ३५ च्या काठावर. आव्यूहांचा गुणाकार ती परीक्षेपुरता पाठ करतील, पास होतील आणि जन्मभर मला शिव्या देतील.

माझ्या मते हा पेपर सोपं करून दिलेल्या गणिताचा नसावाच. ज्या आकड्यांखाली पुढे सही करावी लागते, ज्या आकड्यांवरून गावात भांडणं होतात, ते आकडे या मुलांना तपासता यावेत. उजनीचंच घ्या. उन्हाळ्यात 'उजनी उणेमध्ये' अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात तर धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. वर्गात विचारलं, उणे ६० टक्के पाणी म्हणजे काय? कुणी म्हणालं गाळ. कुणी म्हणालं पुढच्या वर्षीचं पाणी उसनं उचललं.

गोम अशी की ही टक्केवारी धरणातल्या सगळ्या पाण्याची नसते, फक्त उपयुक्त साठ्याची असते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला मृत साठा (तळाचा, सहज सोडता न येणारा) जवळपास ६३.७ आणि उपयुक्त ५३.६. म्हणजे 'शून्य टक्के' असतानाही धरणात ६३ टीएमसीच्या वर पाणी असतं, आणि मृत साठ्यातलं पाणी कमी होऊ लागलं की आकडा उणे होतो. पुण्याची खडकवासला साखळीतली चारही धरणं तुडुंब भरली तरी मिळून २९ टीएमसी होतात. शून्य टक्क्यांची उजनी त्यांच्या दुपटीहून मोठी! हे कळायला बेरीज-भागाकार पुरतो. नसते ती 'शंभर टक्के म्हणजे कशाचे?' हे विचारायची सवय.

तर विनंती अशी: तुमच्या नोकरी-धंद्यातला, शेतातला, दवाखान्यातला लोकांना हमखास चकवणारा एखादा आकडा सांगा. आणि काय गाळावं तेही सांगा, ३० तास फार थोडे असतात.

मिरची_भजी

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सुरुवातीलाच उजनीचं नाव काढलंत, आता सोलापूर, पुणे, मराठवाडा सगळे हजर होणार. धागा शंभरी गाठणार. कशाचे शंभर ते विचारू नका.

खातेवही

बँकेत उभी हयात गेली, तेव्हा माझं उदाहरण ठरलेलंच: फ्लॅट व्याजदर.

दुचाकीच्या दुकानात पोरगा सांगतो, 'फक्त १२ टक्के.' १ लाख कर्ज, २ वर्षं. १२ टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज २४,००० सरळ मुद्दलात मिळवलं, २४ ने भागलं, महिना ५,१६७ रुपये हप्ता. गिऱ्हाईक खूश. घरकर्ज ९ टक्क्यांनी आहे, हे जरा महाग, पण चालतंय की.

आता मेख बघा. पहिल्या हप्त्यानंतर तुमच्याकडे १ लाख उरतच नाहीत. वर्षाने निम्म्याच्या आसपासच मुद्दल शिल्लक असतं, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर भरताय. हेच कर्ज घटत्या शिलकीच्या हिशोबाने मांडलं तर दर २१.५ टक्क्यांच्या आसपास निघतो. घरकर्जाचे ९ आणि गाडीचे १२ हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करायचीच नसते, ते वेगवेगळ्या मापाचे आहेत.

सूत्र शिकवू नका. एक्सेल किंवा मोबाईलवरची शीट उघडा आणि २४ ओळी हाताने भरायला लावा: शिल्लक, त्यावर महिन्याचं व्याज, हप्ता, नवी शिल्लक. दर बदलत बदलत शेवटची शिल्लक शून्यावर आणायची. एक तास जाईल, पण तो पोरगा पुन्हा कधी दुकानात फसणार नाही.

आणखी एक छोटं. बिल १,१८० चं, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला. मूळ किंमत किती? वर्गात निम्मी मुलं ११८० चे १८ टक्के काढून वजा करतील आणि ९६७ रुपये ६० पैसे सांगतील. बरोबर उत्तर १,०००. आमच्याकडे नव्याने रुजू होणारे पदवीधरही इथेच अडकायचे, आणि त्यांत विज्ञानाचेही असायचे बरं का.

निळी_शाई

मी स्वतः एमए मराठी करतेय. ताई, धागा आवडला, पण वर्गात मागच्या बाकावर काय चालतं ते सांगते. आमच्याकडे असा पेपर होता आणि वर्ग खच्चून भरायचा, कारण सगळ्यांना वाटलं हा पोलीस भरतीला उपयोगी पडेल. भरतीच्या लेखी परीक्षेत गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असते, राज्यसेवेला सीसॅट (आकलन-बुद्धिमत्तेचा पेपर) आहे. मुलांना पाहिजे असतात ट्रिका. 'नळ आणि टाकी', 'काळ-काम-वेग', आणि ४० सेकंदात उत्तर. तुम्ही उजनी काढाल आणि मुलं विचारतील, 'मॅडम, हे पेपरला येतं का?'

त्यांची चेष्टा करू नका, एवढंच सांगायचंय. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींसाठी भरती हाच घरातून बाहेर पडायचा एकमेव रस्ता होता.

जुने_खोड

सर्व प्रतिसाद वाचले. निवृत्त गणित शिक्षक म्हणून थोडं कडू लिहितो.

शेकडेवारी, सरळव्याज, चक्रवाढव्याज हे शाळेचं अंकगणित आहे. शाळेत ते नीट झालं नाही हे मान्य, पण म्हणून त्यालाच पदवीचे क्रेडिट लावायचे? उद्या बाराखडीलाही लावा. गणित म्हणजे हिशोब नव्हे. एखादी गोष्ट कायमच खरी का, हे सिद्ध करणं म्हणजे गणित. मूळ संख्या कधीच संपत नाहीत, ही युक्लिडची सिद्धता दहा ओळींची आहे आणि तिला दहावीपलीकडचं काहीही लागत नाही. ती सायन्सच्या पोरांनी बघायची आणि मराठीच्या पोरीला मात्र दुचाकीचा हप्ता शिकवायचा, यात तुम्हाला तुच्छता दिसत नाही का? कविता समजणाऱ्या मुलीला सिद्धतेतलं सौंदर्य कळणार नाही हे कुणी ठरवलं?

आपल्या देवळालीच्या शाळेतले कापरेकर मास्तर. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करत जा. ३५२४ घेतलेत तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोहोचता. हे बघून ज्याचे डोळे चमकत नाहीत त्याला व्याजही शिकवू नका.

बे_एरियाचा_बंडू

जुने_खोड सरांचा मुद्दा जुना आहे आणि वजनदारही आहे. अमेरिकेतही हाच वाद झाला. मी इथे कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात शिकवतो, म्हणून जवळून पाहिलाय.

इथे वर्षानुवर्षं पद्धत अशी: कोणतीही पदवी घ्या, नर्सिंग, समाजकार्य, चित्रकला, गणिताची एक अट असतेच, आणि ती अट म्हणजे बहुतेक ठिकाणी बीजगणित. प्रवेशपरीक्षेत कच्चे ठरलात की आधी रेमेडियल वर्ग, कधी एकावर एक दोन-तीन. त्या वर्गांचे गुण पदवीत धरत नाहीत, फी मात्र भरायची. हजारो मुलं त्या पायऱ्यांवरच गळायची. ज्याला आयुष्यात कधी वर्गसमीकरण सोडवायचं नव्हतं, त्याची पदवी वर्गसमीकरणापाशी अडायची. २०११-१२ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने 'स्टॅटवे' आणि 'क्वांटवे' सुरू केले: बीजगणिताऐवजी संख्याशास्त्र किंवा आकड्यांचा विवेक, आणि तोही पदवीत धरला जाणारा. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून मुलांना सरसकट रेमेडियलमध्ये ढकलणं बंद केलं.

पण धोकाही सांगतो. दक्षिण आफ्रिकेत २००६ पासून वरच्या इयत्तांना 'गणित' किंवा 'गणिती साक्षरता' यांपैकी एक घ्यावंच लागतं. हेतू उत्तम. तरी 'साक्षरता' म्हणजे ढ मुलांचा विषय हा शिक्का बसलाच. तुमच्या पेपरचंही तेच होईल, जर तो सोपा असेल तर. तो सोपा ठेवू नका. गणित साधं ठेवा आणि प्रश्न अवघड विचारा.

अवघड म्हणजे कसा, त्याचं माझं आवडतं उदाहरण. १९७३ साली इथल्याच बर्कली विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, बायकांपैकी ३५ टक्क्यांना. उघड भेदभाव! पण एकेक विभाग सुटा पाहिला तर बायकांवर अन्याय करणारे विभाग जवळजवळ सापडेनात; एकत्र हिशोबात उलट किंचित बायकांकडेच झुकतं माप निघालं. कारण, बायकांचे अर्ज जास्त करून अशा विभागांत होते जिथे कुणालाच सहज प्रवेश मिळत नव्हता. यात भागाकाराखेरीज काय आहे? तरी वर्गात तासभर भांडण होतं, आणि शेवटी एखादी मुलगी विचारते, 'पण बायका त्याच विभागांकडे का गेल्या?' तो प्रश्न गणिताचा नाही, पण गणिताने तिला तिथवर नेलं.

मिरची_भजी

वाचनखूण साठवली. जाता जाता, पाढे पाठ करवले असते तर यातलं काहीच लागलं नसतं, असा प्रतिसाद अजून कसा आला नाही?

सह्यकडा

आला! पाढे पाठ करवले असते तर... हलके घ्या. पण खरंच, दुसरीच्या पुस्तकात एकवीस-बावीसऐवजी 'वीस एक, वीस दोन' आणलं त्यावर कोणीतरी बोला. २०१९ पासून...

त्रैराशिक

सह्यकडा, हात जोडते. त्या विषयावर इथे आधीच तीन धागे आहेत आणि तिन्हींचा भांडून भांडून काश्मीर झालाय. तिकडे जाऊ या.

जुने_खोड सर, तुमचं 'तुच्छता दिसत नाही का' हे लागलं. सिद्धता दाखवायला मला आवडेलच. पण माझ्याकडे ३० तास आहेत आणि त्यानंतर या मुलांना गणित पुन्हा भेटणार नाही. त्यात निवड करायची तर जे न कळल्याने माणूस लुबाडला जातो ते आधी. मात्र 'का?' विचारायचं फक्त सिद्धतेतच, हे मला पटत नाही. फ्लॅट दर दुप्पट का होत नाही, दुपटीच्या जवळ का जातो, ११८० मधून १८ टक्के का वजा करायचे नाहीत, हे नीट पटवून लिहिणं हीही सिद्धताच आहे.

समाजकारणी_नव्हे_समाजशास्त्री

माझ्या विषयातलं एक. जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया २००१ ला ९२२ आणि २०११ ला ९२९. वाढ झाली, टाळ्या. त्याच दोन जनगणनांत ० ते ६ वयोगटातल्या मुली दर हजार मुलग्यांमागे ९१३ वरून ८९४. एकाच दशकात, एकाच राज्यात एक आकडा चढला आणि दुसरा घसरला. पहिला आकडा म्हाताऱ्या बायका जास्त जगतात, पुरुष कामासाठी येतात-जातात, अशा पन्नास गोष्टींनी हलतो. मुलींना जन्मू दिलं जातंय का, ते दुसरा जास्त सांगतो. भाषणात कोणता वापरायचा ते भाषण करणारा ठरवतो, म्हणून ऐकणाऱ्याला दोन्ही माहीत हवेत.

तसंच साक्षरतेचं. तो दर एकूण लोकसंख्येवर काढत नाहीत, सात वर्षांवरच्यांवर काढतात. माझे बीएचे विद्यार्थी गावचा दर काढताना बाळांनाही छेदात घालतात आणि मग गाव तालुक्यापेक्षा मागास निघतं.

परदेशी पुस्तक वापरणार असाल तर सावध. तिकडे बहुधा दर शंभर स्त्रियांमागे पुरुष मोजतात. मोठा आकडा तिथे वाईट, आपल्याकडे चांगला.

डॉ_कडूकाढा

घाईत लिहितोय, ओपीडी आहे. हजारात एकाला असणारा आजार. चाचणी आजारी माणसाला चुकवत नाही, पण निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना उगाच 'पॉझिटिव्ह' म्हणते. कुणाची लक्षणं नसताना चाचणी केली, पॉझिटिव्ह आली. खरंच आजार असण्याची शक्यता किती? जवळजवळ सगळे ९५ टक्के म्हणतात. डॉक्टरही.

टक्के सोडा, माणसं मोजा. १०,००० लोक. आजारी १०, दहाही पॉझिटिव्ह. निरोगी ९,९९०, त्यांपैकी साधारण ५०० पॉझिटिव्ह. एकूण ५१० पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी १०. म्हणजे जेमतेम २ टक्के. शक्यता काढायचं बेजचं सूत्र फळ्यावर लिहू नका, माणसं काढा. 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिराती बघून येणाऱ्या प्रत्येकाला मी हे कागदावर काढून दाखवतो, तरी लोक पॅकेज घेतातच.

बांधावरून

खूप वेळ वाचतोय, आता राहवत नाही. मी कृषी खात्यात होतो. बाकीच्यांचे आकडे शहरातले आहेत. तुमच्या कॉलेजातल्या पोरांच्या घरातला आकडा मी सांगतो: पीक कापणी प्रयोग.

पीक विमा योजनेत तुमच्या रानात काय पिकलं ते कुणी बघत नाही, महसूल मंडळाचं, म्हणजे काही गावांच्या गटाचं, सरासरी उत्पादन बघतात. त्यासाठी ठरलेल्या पद्धतीने गावं, गट नंबर आणि शेतातली जागा चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, तिथे ठरावीक मापाचा प्लॉट आखायचा, पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. भरपाईचं सूत्र एका ओळीचं: उंबरठा उत्पादनातून (ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते त्यातून) प्रत्यक्ष उत्पादन वजा, भागिले उंबरठा उत्पादन, गुणिले विमा संरक्षित रक्कम.

आता बसा कागद घेऊन. प्लॉट समजा १० मीटर बाय ५ मीटर. ५० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. म्हणून प्लॉटमधलं वजन गुणिले २०० की हेक्टरी उत्पादन. सोयाबीन ५ किलो भरलं तर हेक्टरी १,००० किलो, १० क्विंटल. उंबरठा १२ क्विंटल असेल तर तूट २, म्हणजे १६.७ टक्के. संरक्षित रक्कम हेक्टरी ४८,००० धरली तर भरपाई ८,०००.

आणि सगळ्या प्लॉटांत सरासरी अर्धा किलो जास्त भरला तर? ११ क्विंटल. तूट १, म्हणजे ८.३ टक्के. भरपाई ४,०००. अर्धा किलो सोयाबीन, एवढासा फरक, आणि सगळ्या मंडळाची भरपाई निम्मी. आता कळलं का, कापणीच्या दिवशी विमा कंपनीचा माणूस आणि सरपंच दोघं दोरीच्या दोन टोकांना का उभे असतात?

मौज पुढेच आहे. दोरी आखली की कडेची ताटं आत धरायची की बाहेर? माणसाचा हात आपोआप आत ओढतो. प्लॉट जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त, तितकी ही वाढ जास्त. हे मी नाही सांगत, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. तेव्हा बंगालात महालनोबिस, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक, छोट्या गोल प्लॉटांनी पिकाचा अंदाज काढत. सुखात्म्यांचं म्हणणं, प्लॉट मोठे घ्या, लहान प्लॉट पीक फुगवून दाखवतात. दोघंही जागतिक कीर्तीचे, आणि वाद कशावरून तर कडेच्या ताटांवरून. गणिताच्या वर्गात यापेक्षा चांगला धडा सापडला तर मला कळवा.

पैसेवारीही घ्या, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज. ५० पैशांच्या आत की बाहेर यावर गावाच्या सवलती ठरतात. गाव ४९ पैशांवर आहे आणि शेजारचं ५१ वर, दोन्हीच्या रानात काय फरक असतो? काही नाही. रेषेपाशी आकडे का गर्दी करतात, हे पोरांना विचारा. उत्तर त्यांना आधीच माहीत असतं.

निळी_शाई

काका, हा प्रतिसाद मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, 'हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आम्ही नुसते मोर्चे काढले.'

मिरची_भजी

आता उसाला एकरी किती पाणी लागतं तेही मुलांना काढायला लावा. एक एकरावर १ मिमी पाणी म्हणजे ४,०४७ लिटर, गुणत बसा.

खातेवही

आणि मग पालक मोर्चा कॉलेजवर काढतील.

त्रैराशिक

बांधावरून काका, दंडवत. तुमच्या एका प्रतिसादात माझे किमान सहा तास आहेत: क्षेत्रफळ, एककं, नमुना निवड, सरासरी, चुकांचा पसारा, आणि 'आकडा कोण मोजतंय'.

निळी_शाई, भरतीचा मुद्दा मनात ठेवला आहे. अंतर्गत २० गुणांतले पाच गुण वेगाच्या चाचणीला देईन, नळ-टाकीसकट. उरलेल्या पंधरात प्रत्येकाने स्वतःच्या घरातला एक कागद आणायचा, वीजबिल, सोसायटीचा उतारा, ऊसबिल, बचतगटाची वही, काहीही, आणि त्यातल्या एका आकड्याची उलटतपासणी दोन पानांत लिहायची. नाव-पत्ता झाकून.

गाळलेलं सांगते. आव्यूह गेले. लॉगॅरिथम गेलं, चक्रवाढ शीटवर करू. संच फक्त 'किती पैकी किती' समजण्यापुरते. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) ठेवावं की नाही यावर अडलेय. सूत्र दिलं की मुलं बटणं दाबतात, न दिलं तर सरासरी एकटी पडते. लेखी परीक्षेत कॅल्क्युलेटर देणार, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वाक्यात. नुसता आकडा लिहिला तर निम्मे गुण.

नमुन्यादाखल तीन प्रश्न टाकते, फाडा.

१. 'रेपो दर ६.५० वरून ६.२५ वर आला, म्हणजे दर पाव टक्क्याने उतरला.' फेब्रुवारी २०२५ मधलं हे वाक्य. ६.५० च्या मानाने घट किती टक्के? दोन्हींतलं कोणतं बोलणं कुठे योग्य?

२. 'एक लाख कोटी रुपयांची योजना' अशी घोषणा झाली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी. डोई किती? हा आकडा कळल्यावर योजनेबद्दल तुम्ही कोणते दोन प्रश्न विचाराल?

३. एका मंडळात कापणी प्रयोगांची सरासरी प्लॉटमागे ५.३ किलो आली. उंबरठा उत्पादन हेक्टरी ११ क्विंटल. शेतकरी म्हणतात सरासरी खरी ५ किलोच आहे. कुणाचं खरं, हे ठरवायला दिलेली माहिती पुरते का?

बे_एरियाचा_बंडू

दुसरा मस्त. डोई ८,९०० च्या आसपास. पण 'किती वर्षांत?' हा प्रश्न ज्याने विचारला त्याला पूर्ण गुण द्या. पाच वर्षांची योजना असेल तर वर्षाला १,८०० सुद्धा नाही.

डॉ_कडूकाढा

पहिल्यात मुलं गोंधळतील, आणि गोंधळू देत. ०.२५ भागिले ६.५०, ३.८ टक्के. वर्तमानपत्रवालेही गोंधळतात.

जुने_खोड

तिसऱ्या प्रश्नावर रात्री बसलो होतो.

५.३ किलो म्हणजे हेक्टरी १०.६ क्विंटल, तूट ३.६ टक्के. ५ किलो म्हणजे १० क्विंटल, तूट ९.१ टक्के. म्हणजे शेतकऱ्याचं म्हणणं खरं धरलं तर भरपाई अडीचपट. इथवर ठीक. पण त्रैराशिक, तुम्ही प्रयोग किती झाले ते दिलेलंच नाही. आणि प्लॉटागणिक वजनं किती पसरलेली होती तेही नाही. त्याशिवाय ५.३ आणि ५ यांत खरा फरक आहे की नुसता नशिबाचा खेळ, हे कसं सांगणार?

बांधावरून

सर, मंडळाला किमान १० प्रयोग धरा. पसारा म्हणाल तर एकाच गावात ३ किलोचाही प्लॉट निघतो आणि ८ चाही. काळी, मुरमाड, पाटाखालची, सगळी रानं एकाच मंडळात.

जुने_खोड

म्हणजे प्रमाण विचलन दीड किलोच्या घरात धरू. भागिले दहाचं वर्गमूळ, ३.१६. सरासरीतच जवळपास अर्ध्या किलोची अनिश्चितता. मग ०.३ किलोच्या फरकावर कुणीच छातीठोक बोलू शकत नाही, ना कंपनी ना सरपंच. दुपटीने अचूक व्हायचं तर दहाचे चाळीस प्रयोग लागतील, वीस पुरणार नाहीत. वर्गमूळ आडवं येतं.

त्रैराशिक, प्रमाण विचलन गाळायचं नाही. सूत्र पाठ करवू नका, पण दहा पोरांना दहा पाट्या सोयाबीन तोलायला लावा आणि मग शिकवा. वर्गमूळ का येतं हे मी येऊन सांगतो, एक तास द्या. कापरेकर नंतर बघू.

त्रैराशिक

सर, तास दिला. फक्त डिसेंबरच्या आत या, तोवर कुणा ना कुणाच्या घरी सोयाबीन शिल्लक असेल.

मिरची_भजी

मानधन किती? आणि ते फ्लॅट की घटत्या शिलकीवर?